चमच्यावरून ओघळलं, तर ते पाणीच!

माझ्याकडे एक लांबट वही आहे, लाल कापडी पुठ्ठ्याची, दुकानदार रोजमेळ लिहितात तसली. नाशिकला अंबडमधल्या एका छोट्या कारखान्यात मी अकाउंट्स बघते. दिवाळीत कुणीतरी दिलेली ही वही कपाटात पडून होती. १४ मे २०२४ ला लेक झाली आणि चौथ्या दिवसापासून मी त्या वहीत तिच्या पोटाचा जमाखर्च मांडायला लागले. डावीकडे जमा: किती वाजता प्यायली, कुठल्या बाजूला, किती मिनिटं. उजवीकडे नावे: शी, शू, ओकारी. वर्षभरात वही भरली. परवा माझ्या मावसबहिणीने, तिला सातवा चालू आहे, ती वही वाचायला मागितली. चाळून म्हणाली, "ताई, यातलं मला काहीच कळत नाहीये." तिचंही बरोबर आहे. म्हणून आकड्यांच्या मागे काय काय झालं ते इथे लिहिते. मी डॉक्टर नाही. तुमच्या बाळाचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

सिझर मंगळवारी सकाळी झालं. वजन २ किलो ८५० ग्रॅम. मला बाळ दाखवलं, कपाळाला टेकवलं आणि नेलं. पुन्हा हातात आलं ते पाच तासांनी. तोवर तिला बाटलीने पावडरचं दूध पाजून झालं होतं. मी विचारलं तर उत्तर आलं, "तुम्हाला कुठे दूध आलंय अजून?" मला तेव्हा बोलायला सुचलं नाही, हे अजून मनात आहे. पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक, घट्ट, पिवळसर, चमचा-दोन चमचेच. तेवढाच त्या पोटाला पुरतो. बाळ शक्यतो पहिल्या तासाभरात छातीशी लावावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि सिझरमध्येही शुद्धीवर असलेल्या आईला ते जमतं. गंमत बघा, म्हशीच्या चिकाचा खरवस म्हटला की आपण वाटी घेऊन रांगेत उभे राहतो, आणि बाईच्या चिकाला "अजून दूध आलं नाही" म्हणतो. ज्यांची तारीख जवळ आलीय त्यांनी दाखल होतानाच एका कागदावर लिहून द्या, की बाळाला वरचं काही देण्याआधी आम्हाला विचारा. नवऱ्याला तो कागद पाठ करायला लावा, कारण त्या वेळी तुम्ही टेबलावर असणार.

दुसऱ्या दिवशी एक लांबच्या आत्याबाई सोन्याची अंगठी मधात बुडवून आल्या. हे मात्र आधीच ठरवून ठेवलेलं होतं. वर्षाच्या आत मध नाही. मधात असणाऱ्या एका जिवाणूच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. नवऱ्याने अंगठी घेतली, धुतली आणि बाळाच्या मुठीत दिली. आत्याबाई थोड्या फुगल्या.

तिसऱ्या दिवशी रात्री छाती दगडासारखी झाली. दूध दाटलं होतं पण बाळाला तोंडच लावता येईना, इतकी कातडी ताणलेली. चौथ्या दिवशी घरी सोडलं तेव्हा वजन २ किलो ६१० होतं. २४० ग्रॅम कमी! मी लगेच टक्केवारी काढली: ८.४. डॉक्टर म्हणाल्या, दहा टक्क्यांपर्यंत पहिल्या आठवड्यात उतरतं, दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत यायला हवं. पुढचं वजन सोमवारी, २० तारखेला करायचं ठरलं, पण त्या दिवशी नाशिकला लोकसभेचं मतदान, दवाखाना बंद. मंगळवारी गेलो. २ किलो ६४०. चार दिवसांत ३० ग्रॅम. आणि मला दोन्हीकडे चिरा पडलेल्या. बाळ रडायला लागलं की माझ्या पायाची बोटं आपोआप वळायची.

डॉक्टरांनी एका निवृत्त परिचारिकेचा नंबर दिला. त्या २२ मेला घरी आल्या, ७०० रुपये घेतले, दीड तास बसल्या. वर्षभरात खर्च केलेल्या पैशांतले हे सगळ्यात सत्कारणी लागलेले. त्यांनी आधी नुसतं बघितलं. मग म्हणाल्या, "तुम्ही बाळाकडे वाकताय. बाळाला तुमच्याकडे आणा." माझ्या पाठीमागे दोन उशा, मांडीवर एक. बाळाचं पोट माझ्या पोटाला टेकलेलं, मान वळलेली नाही. तोंड जांभईएवढं मोठं उघडेपर्यंत थांबायचं आणि मग एकदम जवळ घ्यायचं. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि काळ्या भागाचा वरचा थोडा दिसेल पण खालचा जवळजवळ सगळा तिच्या तोंडात. मी तोवर फक्त टोक देत होते. चिरा त्याच्याच. छाती दाटली असेल तर आधी कोमट फडक्याने शेकून थोडं दूध हाताने काढून टाकायचं म्हणजे बाळाला धरता येतं, हेही त्यांनीच शिकवलं. आणि मिनिटं मोजणं सोडा म्हणाल्या. "शू मोजा. पहिला आठवडा संपला की दिवसाला सहा-आठ लंगोट ओले झाले की दूध पोचतंय."

मिनिटं मोजणं मी काही सोडलं नाही, पण लंगोटांचा रकाना वाढवला. २९ मेला वजन २ किलो ८८०.

जूनच्या पहिल्या आठवड्यात माहेरी गेले, निफाड तालुक्यात. ऊन अजून मी म्हणत होतं. येणारी प्रत्येक बाई विचारायची, "पोरीला पाणी पाजता ना?" आईच्या दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असतं, सहा महिन्यांपर्यंत वेगळं पाणी लागत नाही, हे मी दिवसातून तीनदा सांगत होते. पाण्याने पोट भरतं आणि दूध कमी जातं, हा हिशेब काही बायकांना पटला, काहींना नाही.

खरी अडचण गुटीची होती. माझी आजी सत्त्याऐंशी वर्षांची. तिची सहाण म्हणजे मधोमध खोलगट झालेला एक काळपट दगड, आईची आणि माझी गुटी त्याच्यावरच उगाळलेली. मुरुडशेंग, बाळहिरडा, वेखंड, जायफळ, हळकुंड, सुंठ, खारीक, बदाम, सगळं एका पितळी डब्यात. कशाचे किती वेढे हे तिला तोंडपाठ. मी नाही म्हटल्यावर तिने वाद घातला नाही. फक्त डबा उचलून देवघरात ठेवला आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी वहीतून डोकं वर काढून विचार केला, की मी हिला इंटरनेटवरचं वाचून दाखवतेय, तिने का ऐकावं?

२५ जूनला दीड महिन्याची लस होती. आजीला बरोबर घेतलं. डॉक्टरांनी तिला खुर्ची दिली आणि अगदी साधेपणाने विचारलं, "आजी, सहाण उगाळण्याआधी उकळता का?" आजी म्हणाली, "दगूड कोन उकळतं?" मग डॉक्टरांनी सांगितलं, की औषधी वाईट आहेत असं मी म्हणत नाही, पण दगडावरचे जंतू आणि न उकळलेलं पाणी एवढ्याशा पोटात जातं, जुलाब लागतात, म्हणून सहा महिने फक्त अंगावरचं दूध आणि हे ड जीवनसत्त्वाचे थेंब, रोज ४०० युनिट. आजीने थेंबांची बाटली हातात घेऊन उलटसुलट बघितली. "म्हंजे ही तुमची गुटी," म्हणाली. त्या दिवसापासून ड्रॉपरने थेंब द्यायचं काम तिचं, आणि एकही दिवस चुकला नाही. घरात ज्यांचा विरोध आहे त्यांना डॉक्टरकडे बरोबर न्या. आपण मधे निरोप्या होऊ नये.

१४ आठवड्यांच्या लशी २० ऑगस्टला झाल्या, वजन ५ किलो ४००, कार्डावरच्या हिरव्या पट्ट्यात. चार दिवसांनी आईबरोबर एसटीने नाशिकला परतले. वाटेत गाडी बदलायची होती आणि बाळ भुकेलं. स्थानकात हिरकणी कक्ष होता, दारावर रायगडाच्या कड्यावरून उतरणाऱ्या हिरकणीचं चित्रही होतं आणि कडीला कुलूपही होतं. किल्ली कंट्रोलरकडे, कंट्रोलर चहाला. एका महिला कंडक्टरने धावपळ करून दार उघडवलं. आत एक पाय मोडलेली खुर्ची आणि झाडू. आई खुर्चीला पायाने टेकू देऊन उभी राहिली आणि मी पाजलं. तेव्हापासून प्रवासात मोठी ओढणी आणि खिडकीकडची जागा, कुलपाच्या भरवशावर राहायचं नाही.

आता माझा सगळ्यात मोठा घोळ. बाळंतपणाची रजा २६ आठवडे, म्हणजे १८२ दिवस. त्यातले आठ आठवड्यांपर्यंत आधी घेता येतात. माझ्या पायांना सूज होती म्हणून मी १५ एप्रिलपासून रजा टाकली होती. त्यामुळे रजा संपली १३ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि त्या दिवशी लेक पाच महिन्यांचीही पूर्ण नव्हती. डॉक्टर सांगतात सहा महिने फक्त आईचं दूध, कायदाही सहा महिने देतो, पण दोघांचे सहा महिने वेगवेगळ्या दिवशी सुरू होतात. मधला एक महिना कुणाच्याच खात्यात नाही. हे मला, हिशेब लिहिणाऱ्या बाईला, सप्टेंबरमध्ये कळलं! रजेचा अर्ज करतानाच कॅलेंडर घेऊन बसा. साठलेली हक्काची रजा असेल तर ती याच महिन्यासाठी राखून ठेवा. माझी संपलेली होती.

मग पंप घेतला, विजेवर चालणारा, २,८५० रुपये. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत ३० मिलीलीटर निघालं आणि मी रडले. आठवड्याने ६०-७० यायला लागलं. सकाळी पहिल्या पाजण्यानंतर तासाभराने काढलं तर जास्त येतं, आणि बाळाचं दुपटं मांडीवर असलं तर आणखी. डॉक्टरांनी सांगितलेला नियम असा होता: बाहेर चार तास, फ्रिजमध्ये मागच्या कप्प्यात चोवीस तास, दारात ठेवायचं नाही. गरम करायचं ते वाटी कोमट पाण्यात ठेवून, गॅसवर नाही. फ्रिजमध्ये दुधावर साय वेगळी होते. सासूबाईंनी पहिल्या दिवशी ते "नासलं" म्हणून ओतून दिलं. साठ मिली, माझे पंचवीस मिनिटांचे श्रम, मोरीत. मी काही बोलले नाही, त्यांनीच माझ्याकडे बघून ओळखलं. हलक्या हाताने फिरवलं की साय मिसळते.

आणि चिऊने, म्हणजे लेकीने, बाटली घेतली नाही. तीन प्रकारची बुचं आणली, सगळी जिभेने ढकलली. शेवटी सासूबाईंनी माळ्यावरच्या ट्रंकेतून चांदीचं बोंडलं काढलं, नवऱ्याच्या लहानपणचं. चोच असलेली पळीच म्हणा ना. त्यांनी ते पाच मिनिटं पाण्यात उकळलं (आजीची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती), बाळाला मांडीवर जवळजवळ बसतं धरलं आणि चोच खालच्या ओठावर टेकवली. ओतलं नाही, नुसती टेकवली. चिऊने जीभ बाहेर काढून मांजरासारखं चाटायला सुरुवात केली. दहा मिनिटांत पन्नास मिली. बाटली परत धुवायला नको, बुचांचा खर्च नको.

१४ ऑक्टोबर, सोमवार. आमच्याकडे एकूण ४२ माणसं कामाला, म्हणजे पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना असलेली पाळणाघराची सक्ती आम्हाला नाही. पण तेव्हा लागू असलेल्या मातृत्व लाभ कायद्याच्या कलम ११ प्रमाणे बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी मिळायची, नेहमीच्या विश्रांतीच्या वेळेशिवाय. मी तसा अर्ज दिला. तोंडी उत्तर मिळालं, "चहाच्या सुट्टीत उरका ना." मी म्हटलं, तेच लेखी द्या. लेखी आलं नाही. नवव्या दिवशी, २३ तारखेला, मंजुरी आली. जागा मिळाली रेकॉर्ड रूमची. २०१६-१७ च्या व्हाउचर फायलींच्या मधे एक स्टूल, दाराला आतून कडी नाही म्हणून लोखंडी रॅक सरकवून अडसर करायचा. पंपाचा घर्र घर्र आवाज बाहेर जातो म्हणून पहिले काही दिवस मी लाजेने मरत होते. मग एक दिवस पॅकिंगमधल्या एका ताई म्हणाल्या, "आवाज येऊ दे, आमच्या वेळी आम्ही संडासात पिळून टाकायचो." त्यानंतर लाज संपली. कलम, अर्जाची तारीख, पोच घेतलेली प्रत, हे तिन्ही जपून ठेवा.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, दिवाळीच्या धावपळीत, दूध कमी पडलं. काढलेलं ११० मिली आणि तिला हवं २००. शेजारून डाळीच्या पाण्याचा सल्ला आला. डॉक्टर म्हणाल्या, आठच दिवस राहिलेत, एक वेळ पावडरचं दूध द्या आणि जिवाला लावून घेऊ नका. डबा आणला. त्यावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं, की आईचं दूधच बाळासाठी सर्वोत्तम. १९९२ च्या कायद्याने ते छापावं लागतं, बाळाचं चित्रही टाकता येत नाही. मला माहीत होतं तरी रात्री बारा वाजता ते वाक्य टोचलंच. ३० मिली पाण्याला सपाट एक माप, आधी पाणी मग पावडर. "डबा जास्त दिवस पुरावा" किंवा "बाळाला जड होईल" म्हणून पातळ करू नका. अकरा दिवस एक वेळ दिलं. उरलेली पावडर महिन्याने टाकून दिली.

उष्टावण कधी, यावरही चर्चा झाली. मुलीचं विषम महिन्यात, पाचव्या किंवा सातव्या. डॉक्टरांचे सहा पूर्ण. सासूबाईंनीच तोडगा काढला: "सहा पूर्ण म्हणजे सातवा लागलाच की!" रविवारी, १७ नोव्हेंबरला, मामाने चांदीच्या वाटीतून खिरीचं बोट लावलं. साखरेची होती, मी डोळे मिटले, एक बोट. वर्षाच्या आत साखर-मीठ नको असं ठरलं होतं. चिऊने तोंड असं वाकडं केलं की सगळे हसले. तीन दिवसांनी विधानसभेचं मतदान. मे महिन्यातलं माझं हुकलं होतं, या वेळी बाळाला कडेवर घेऊन केलं. घरी येऊन शाई लावलेल्या हाताने तिला नाचणी भरवली. त्या सहा महिन्यांच्या दोन टोकांना दोन मतदानं, म्हणून तारखा पक्क्या लक्षात आहेत.

नाचणीचं सत्त्व घरी केलं. एक किलो नाचणी रात्रभर भिजवली, फडक्यात बांधून टांगली. थंडीमुळे मोड यायला दोन दिवस लागले. सावलीत सुकवली, मंद भाजली, मिक्सरला फिरवली, मग वस्त्रगाळ. प्रत्यक्ष हाताचं काम सगळं मिळून पाव दिवसाचं. बाजारात तयार मिळतं, तेही चालतं, फक्त त्यात साखर नाही ना ते मागे वाचून घ्या.

आणि इथेच मी चुकले. "हळूहळू, पातळ पातळ" असं सगळे म्हणतात. मी नाचणीची पेज इतकी पातळ करत होते की ती वाटीतून पिता आली असती. दुपारी वरणावरचं पाणी. भाताची निवळ. एक वाटी संपवते म्हणून मी खूश, वहीत "१०० मिली" लिहायचे. सहा महिन्यांना वजन होतं ६ किलो ६००. १६ डिसेंबरला ६ किलो ६८०. महिन्यात ८० ग्रॅम. शिवाय त्याच आठवड्यात अंगणवाडीच्या काट्यावर ६ किलो ४५० आलं, म्हणजे वजन उतरलंच की काय! रात्रभर झोप नाही. (दोन काट्यांची तुलना करू नका. दर महिन्याला एकच काटा, कपडे काढून.)

डॉक्टरांनी मला डबा उघडून दाखवायला सांगितलं. चमच्यात पेज घेतली आणि चमचा तिरका केला. सगळी टेबलावर. "चमच्यावरून ओघळलं, तर ते पाणीच," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याच भाषेत समजावलं. या वयाच्या पोटात किलोमागे साधारण ३० मिली मावतं, म्हणजे हिच्या पोटात एका वेळी २०० मिली. दुधाशिवाय दिवसाला आणखी २०० किलोकॅलरी लागतात, नऊ महिन्यांनंतर ३००. जागा मर्यादित, भरायची आहे किंमत. तुम्ही पाणी भरताय. डाळीचं पाणी द्यायचं नाही, डाळ द्यायची. एक छोटा चमचा तूप म्हणजे ४५ किलोकॅलरी, ते घालायचं.

त्या दिवसापासून मुगाच्या डाळीची खिचडी, तीन शिट्ट्या जास्त, रवीने नाही तर हाताने कुस्करलेली, वर तूप. मिक्सर बंद. नाचणी इतकी घट्ट की चमचा उलटा केला तरी क्षणभर चिकटून राहील. उकडलेला बटाटा, रताळं, लाल भोपळा, पिकलेलं केळं. एका वेळी वाटीऐवजी तीन-चार चमचेच खायची, आणि मला ते बघून धडकी भरायची. पण १५ जानेवारीला वजन ७ किलो ५० ग्रॅम भरलं.

अंड्याचा प्रश्न सासूबाईंनी वारांवर सोडवला. सोमवार-गुरुवार सोडून, वेगळ्या भांड्यात. उकडून, पिवळं-पांढरं दोन्ही कुस्करून. कुठलाही नवा पदार्थ सकाळी द्यायचा, म्हणजे अंगावर काही उठलं तर दवाखाना उघडा असतो.

लोहाचं एक राहिलं. पोटात असताना मिळालेला बाळाचा साठा सहा महिन्यांच्या सुमाराला संपत येतो आणि दुधात लोह थोडंच. डॉक्टरांनी रोजचे थेंब दिले. त्याच महिन्यात आशाताईंनी सरकारी सिरप दिलं, आठवड्यातून दोनदा १ मिली. मी दोन्ही देणार होते, बरं झालं विचारलं. दोन्हीतलं एकच. आणि त्यानंतर शी काळसर होते. हे आधी कुणी सांगितलं नाही, मी लंगोटाचा फोटो डॉक्टरांना पाठवला. त्यांचं उत्तर एकाच शब्दाचं होतं, "लोह." जानेवारीत शी घट्ट होऊन ती कुंथायला लागली तेव्हा घोटघोट पाणी, पपई आणि भिजवलेल्या मनुकांचा गर, चार दिवसांत ठीक.

१४ फेब्रुवारीला नऊ महिने, गोवर-रुबेलाची लस आणि अ जीवनसत्त्वाचा डोस. दोन दिवसांनी माहेरी गेलो. निफाड आणि फेब्रुवारी म्हणजे द्राक्षं. ओसरीवर पाट्या भरलेल्या, सगळे येता-जाता तोंडात टाकणारे. कुणी प्रेमाने एक मणी चिऊच्या हातात दिला ते मी बघितलं नाही. मला ऐकू आला खोकला. आई तिच्या डोक्यावर थापट्या मारत म्हणत होती, "वर बघ चिमणी, वर बघ." जोरात खोकतेय तोवर खोकू द्यावं, हवा जातेय. मी तिथेच उकिडवी बसले. आणि मग आवाज बंद झाला. तोंड उघडं, आवाज नाही. वहिनी तोंडात बोट घालायला आली, मी तिचा हात झटकला. न दिसणारी वस्तू बोटाने आणखी आत जाते. तिला पालथं माझ्या हातावर घेतलं, डोकं खाली, जबडा बोटांत धरून, आणि तळहाताच्या टाचेने दोन खांद्यांच्या मधे. एक, दोन, तीन. तिसऱ्याला मणी फरशीवर पडला, अख्खा, साल न सोललेला. मग ती रडली. इतका गोड आवाज मी ऐकला नव्हता. पाच थापांत नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध, तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे दोन बोटांनी, पाच दाब, हे मला ठाऊक होतं, लस घ्यायला गेले तेव्हा भिंतीवरच्या पोस्टरवर वाचलेलं. ते वाचायला लागणारी तीन मिनिटं आज काढा. वहीत त्या दिवशीचं पान कोरं आहे. आता आमच्याकडे द्राक्षाच्या उभ्या चार फाका होतात, आणि अख्खे शेंगदाणे-फुटाणे घरात उंच फडताळावर.

त्यानंतरचं फार सांगण्यासारखं नाही. दहाव्या महिन्यात बोटाने वेचून खायला लागली: पोळीचा कुस्करा, इडली, उकडलेलं गाजर. भिंतीवर वरण. मार्चमध्ये तापाने आठ दिवस फक्त अंगावर प्यायली, जेवण बंद. दिवसाला दहादा पाजलं आणि बरी झाल्यावर तिनेच सगळं भरून काढलं. अकराव्या महिन्यापासून आमच्याच पातेल्यातलं, तिचं आधी काढून मग मीठ-तिखट.

१४ मे २०२५ ला वजन ८ किलो ३००. वर्षाला जन्माच्या तिप्पट व्हावं म्हणतात. ते ८ किलो ५५० होतं. २५० ग्रॅम तूट. डॉक्टरांनी तक्त्यावर बोट ठेवून दाखवलं, रेघ तिच्या तिच्या मार्गाने वर चाललीय, ताळेबंद जुळवायची गरज नाही. रात्रीचं आणि पहाटेचं अंगावरचं अजून चालू आहे.

वाढदिवसानंतर सोमवारी ऑफिसला पेढे नेले. पेढा तोंडात टाकत विचारणा झाली, "आता वर्षाची झाली ना पोरगी? मग ती रेकॉर्ड रूमची सुट्टी बंद करायला हरकत नाही." मी जागेवर जाऊन कलम ११ ची प्रत काढली, "पंधरा महिने" या शब्दांखाली लाल शाईने रेघ मारली, शेजारी १४ ऑगस्ट २०२५ लिहिलं आणि पोच घेऊन आले.